कापलेली पाटी : १ जुलै २०१८ च्या एका अफवेचं प्रकरण

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा हे लहानसं आदिवासी गाव. १ जुलै २०१८ ला रविवार होता आणि गावचा आठवडे बाजार भरला होता. त्या बाजारात पाच माणसांना मुलं चोरणारे समजून जिवे मारलं गेलं. त्याच रात्री शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावात, तशाच संशयावरून जमावाने पाच जणांना घेरलं. त्यांत दोन वर्षांचं एक मूल होतं. ते पाचही जण वाचले.

दिवस एक, अफवा एक आणि दोन्हीकडे जमाव पेटलेला. मी धुळ्यात शिक्षक आहे. गेली काही वर्षं शिक्षकांच्या, आशाताईंच्या आणि पोलीस पाटलांच्या बैठकांत हे प्रकरण मांडत आलो आहे, आणि दर वेळी माझं बोट त्याच एका प्रश्नावर येऊन थांबतं: एका ठिकाणी माणसं वाचली ती कशामुळे? घटना सगळ्या उघड नोंदीतल्या आहेत. माणसांची नावं मात्र मुद्दाम गाळली आहेत. गेलेल्यांच्या घरच्यांना ती पुन्हा पुन्हा अशा ठिकाणी वाचावी लागू नयेत, एवढंच कारण.

पार्श्वभूमी

त्या वर्षी मे-जूनमध्ये जवळजवळ सगळ्या देशात एकच भीती फिरत होती. परराज्यातून टोळ्या आल्या आहेत, त्या मुलं पळवतात, मूत्रपिंडं काढून विकतात. तमिळनाडू, आसाम, त्रिपुरा, तेलंगण, महाराष्ट्र, जिथे जावं तिथे तीच गोष्ट, फक्त गावांची नावं बदललेली. ८ जूनला आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये दोन तरुणांना जमावाने मारलं. त्याच सुमारास आपल्याकडे वैजापूर तालुक्यातही चोर समजून केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला. म्हणजे राईनपाड्याच्या आधी तीन आठवडे इशारा मिळालेला होता.

आमच्या घरच्या ग्रुपवर मूल पळवतानाची एक चित्रफीत जूनमध्ये आली. पाठवणारा माझा मावसभाऊ, बँकेत अधिकारी. खाली अहिराणीत एक वाक्य होतं, ‘पोरे चोरनारा उनात, ध्यान ठेवा.’ म्हणजे मुलं चोरणारे आलेत, लक्ष ठेवा. तासाभरात घरच्या सहा जणांनी ती पुढे ढकलली होती, त्यांत एक इंजिनिअर आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. हे सांगण्याचं कारण आहे. नंतर शहरातल्या लोकांनी ‘अडाणी आदिवासी अफवेला भुलले’ असं ठरवून टाकलं. अफवा राईनपाड्याला पोचली ती आमच्यासारख्यांच्या हातांतून गेली होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दोन वर्षांत पाड्यापाड्यावर फोन पोचला. त्या फोनवर येणारा मजकूर मात्र बहुतेक वेळा शहरातल्या, शिकलेल्या, चार पैसे बाळगून असलेल्या माणसाने पाठवलेला असे, आणि म्हणूनच तो खरा वाटे.

ती चित्रफीत मुळात काय होती

इथे जरा थांबायला हवं, कारण प्रचाराचं सगळं तंत्र या एका चित्रफितीत आहे.

गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, मागचा माणूस एका पोराला उचलतो आणि गाडी निघून जाते. मुलं पळत सुटतात. दृश्य उंचावरून, सीसीटीव्हीत टिपल्यासारखं. आपल्या ग्रुपवर ते इथेच संपत होतं.

मूळ चित्रफीत इथे संपत नाही. मोटारसायकल परत येते, मुलाला खाली उतरवते आणि त्यातला एक जण हातातली पाटी उघडून कॅमेऱ्यासमोर धरतो. कराचीच्या रस्त्यावरून मूल उचलायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर आहे. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कराचीतल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेसाठी २०१६ मध्ये केलेली ती जनजागृतीची जाहिरात होती. आईबापांनी पोरांवर लक्ष ठेवावं म्हणून बनवलेली.

जाहिरात करणाऱ्यांनी काम चोख केलं होतं. आधी काळजात धस्स व्हावं आणि मग धडा मिळावा, अशी तिची रचना. कुणीतरी शेवटचा भाग कापला. धस्स होणं तेवढं उरलं, धडा गेला. त्या कात्रीला खर्च काहीच आला नाही. नवीन खोटं दृश्य रचावं लागलं नाही, नट लागले नाहीत, पैसा लागला नाही. दुसऱ्याने चांगल्या हेतूने केलेली मेहनत उचलली आणि तिचं तोंड फिरवलं.

मालेगावात फिरलेला मजकूर आणखी भयंकर होता. ओळीने ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह, आणि सोबत हे अवयव काढून टाकलेल्या मुलांचे असल्याचा दावा. तो फोटो सीरियातल्या घौता इथे ऑगस्ट २०१३ मध्ये झालेल्या रासायनिक हल्ल्यानंतरचा होता. मुलं खरी होती, मरण खरं होतं. फक्त देश, वर्ष आणि मारेकरी बदलले होते. युद्धात शत्रूच्या लोकांचं मन खचवण्यासाठी सैन्यं आणि सरकारं जे करतात तेच हे, खरं चित्र आणि खोटा पत्ता. यामागे एखाद्या देशाचा किंवा संघटनेचा हात होता असा पुरावा पुढे आलेला नाही. पण हत्यार तेच आणि जखमही तीच. परका माणूस रस्त्यावर सुरक्षित राहिला नाही, पोलीस गावोगाव अफवांमागे धावत राहिले आणि शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघू लागला.

नेमकी अडचण

अडचण खोट्या चित्रफितीची होती असं पहिल्यांदा मलाही वाटलं. बैठकांत मी चित्रफीत कशी खोटी आहे हेच समजावत बसायचो. मग एका बैठकीत अंगणवाडीच्या एका वयस्क सेविकेने विचारलं, ‘सर, चित्रफितीत तर पँटशर्टातली दोन माणसं होती, गाडीवर बसलेली. मग मारलं ते झोळीवाल्यांना का?’

त्या प्रश्नाने मला माझी सगळी मांडणी बदलावी लागली.

मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, भिक्षुकीसाठी फिरत खानदेशात आलेले. त्यांची बायकापोरं पिंपळनेरला पालं ठोकून राहिली होती. महाराष्ट्राच्या यादीत हा समाज भटक्या जमातीत मोडतो. अंगात भगवं, खांद्याला झोळी, हातात डवर हे छोटं वाद्य. आता आपल्यापैकी प्रत्येकाने आठवून पाहावं, लहानपणी जेवत नसलो की आई काय म्हणायची? ‘बुवा येईल.’ ‘गोसाव्याच्या झोळीत टाकीन.’ पुलाचं काम निघालं की पायात मूल पुरतात म्हणून पोरांना तिकडे फिरकू न देणं, ही तर महाराष्ट्रातल्या कित्येक गावांची जुनी आठवण. चित्रफीत २०१६ ची असेल, भीती ताटावरची आहे.

तिला कायद्याचंही पाठबळ होतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. एका जागी न राहणं हेच संशयाचं कारण झालं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण ज्यांच्या पायाला भिंगरी त्यांच्याकडे बोट दाखवायची सवय गेली नाही, आणि ती त्या यादीतल्या जमातींपुरतीही राहिली नाही.

जाहिरातवाले माल विकायच्या आधी गिऱ्हाईक कोण ते बघतात. त्याला कशाची हौस आहे, कशाची भीती आहे, ते आधी हेरतात. या अफवेला ते करावंच लागलं नाही. गिऱ्हाईक तयार होतं आणि भीतीला चेहराही तयार होता.

राईनपाडा, बाजाराचा दिवस

पाच जण एसटीने राईनपाड्याला उतरले. बाजार भरलेला, आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं आलेली. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, असं नंतरच्या बातम्यांत आलं. तेवढ्यावरून ओरड झाली. बाजारात ओरड झाली की काय होतं हे ज्याने आठवडे बाजार पाहिलाय त्याला सांगायला नको. ज्याला काही दिसलं नाही तोही धावतो आणि धावणाऱ्याला बघून तिसरा धावतो.

त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं गेलं आणि तिथे कोंडून पुन्हा मारलं. काठ्या, दगड, हाताला लागेल ते. हे सगळं फोनवर टिपलं जात होतं. राईनपाडा पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या हद्दीत. मोठी कुमक पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

नातेवाइकांनी सुरुवातीला मृतदेह ताब्यात घ्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आधी आमच्या सुरक्षेचं काय ते सांगा.

मालेगाव, त्याच रात्री

मालेगावच्या आझाद नगर भागात भिक्षा मागत आलेल्या एका कुटुंबाभोवती जमाव जमला. संशय तोच. मारहाण सुरू झाली होती. तेवढ्यात एका स्थानिक माणसाने त्या पाच जणांना आपल्या घरात घेतलं आणि दार लावलं. पोलीस आले तेव्हा जमाव दारापर्यंत येऊन भिडला होता. पोलिसांची गाडी उलटवण्यात आली. तरीही गोळीबार न करता पोलिसांनी त्या पाचही जणांना तिथून बाहेर काढलं.

दोन्ही घटनांत एक दार आहे. राईनपाड्यात जमाव दाराच्या आत होता. मालेगावात बाहेर होता.

त्या घरमालकाकडे चित्रफीत खोटी असल्याचा पुरावा नव्हता. घौता त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. कदाचित त्यानेही तो फोटो पाहिला असेल आणि त्याच्याही पोटात गोळा आला असेल. खरं-खोटं ठरवायला तो थांबला नाही. माणसं घरात घेतली, बाकीचं पोलीस बघतील. आणि तो त्याच मोहल्ल्यातला होता. बाहेर उभ्या असलेल्यांना त्याचं घर, त्याचा बाप, त्याचं दुकान माहीत होतं. ओळखीच्या माणसाच्या दारावर दगड मारताना हात जरा अडखळतो. तो अडखळला तेवढा वेळ पोलिसांना मिळाला.

कोणते पर्याय होते

जून २०१८ मध्ये जिल्हा आणि तालुका पातळीवर करता येण्यासारख्या गोष्टी ढोबळमानाने पाच होत्या. आज त्या तपासताना मी कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. तेव्हा सगळेच पहिल्यांदा शिकत होते.

पहिली गोष्ट आवाहनाची: अफवांवर विश्वास ठेवू नका. बहुतेक ठिकाणी हेच झालं. आवाहन करायला सोपं, पण त्यात एक खोट असते. ‘मुलं पळवणारी टोळी आलेली नाही’ हे वाक्य कानावर पडलं की डोक्यात ‘मुलं पळवणारी टोळी’ तेवढं राहतं. ‘नाही’ गळून पडतं. त्यात स्थानिक बातम्यांचे मथळे प्रश्नचिन्ह घालून येत: ‘टोळी सक्रिय?’ प्रश्नचिन्ह कुणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट, आवाज कुणाचा? याचा सगळ्यात दुःखद धडा त्रिपुरात मिळाला. तिथल्या सरकारने अफवा खोडण्यासाठी गाडीवर भोंगा लावून गावोगाव माणूस पाठवला होता. २८ जूनला, म्हणजे राईनपाड्याच्या तीनच दिवस आधी, सबरूमजवळ जमावाने त्यालाच मूल चोरणारा समजून मारलं. सरकारचा निरोप बरोबर होता. निरोप्या परका होता.

तिसरी गोष्ट, इंटरनेट बंद करणं. त्रिपुराने त्या घटनेनंतर ४८ तासांसाठी ते केलं. मला हा मार्ग फसवा वाटतो. फोन बंद झाले की अफवा तोंडी फिरते आणि खुलासा मात्र पोचायचा थांबतो. शिवाय सरकारनेच एवढं बंद केलंय म्हणजे काहीतरी खरंच असणार, असंही लोक धरून चालतात. आग लागल्यावर काही तासांसाठी, एखाद्या भागापुरतं त्याचं समर्थन करता येईल. आधीची तयारी म्हणून नाही.

चौथी गोष्ट मजकूर पाठवणाऱ्यांना धरण्याची. व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून सगळे संदेश कुलूपबंद आहेत, पाठवणारा आणि घेणारा सोडून ते कुणाला वाचता येत नाहीत. मूळ माणूस सापडत नाही, सापडतो तो मधला कुणीतरी, माझ्या मावसभावासारखा. त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, पण तोवर ती चित्रफीत शंभर ग्रुपांत गेलेली असते.

पाचवी एक गोष्ट होती, ती फार कमी ठिकाणी झाली असावी. प्रत्येक तालुक्यात आठवडे बाजाराचे वार ठरलेले असतात. भटक्या समाजाची पालं कुठे पडली आहेत हे पोलीस पाटलाला, बीटच्या हवालदाराला, नाहीतर जवळच्या किराणा दुकानदाराला माहीत असतं. भिक्षुकीला माणसं जातात ती बाजाराच्याच दिवशी, कारण तेव्हाच लोकांच्या हातात पैसा असतो. हे दोन कागद शेजारी ठेवले असते तर धोका कुठे आणि कुठल्या वारी, हे दिसलं असतं. पिंपळनेरला पालं आणि रविवारी राईनपाड्याचा बाजार. मला या मुद्द्यापाशी दर वेळी थांबावं लागतं, पुढे बोलवत नाही.

काय केलं गेलं

राईनपाड्यात पोलिसांनी अटका केल्या. पहिल्या काही दिवसांतच २० हून अधिक लोक ताब्यात होते, आणि त्यांना ओळखायला जमावानेच केलेलं चित्रीकरण कामी आलं. अफवा ज्या फोनवर आली त्याच फोनने पुरावाही दिला.

केंद्र सरकारने जुलैच्या पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सॲपला जाब विचारला. १० जुलैला कंपनीने देशातल्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, खोटी माहिती कशी ओळखावी हे सांगणाऱ्या. त्याच सुमारास पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दिसू लागली. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२०, करोनाचे दिवस, तेव्हा वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला, आणि त्यानंतर अशा संदेशांचं फिरणं ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं.

या उपायांना मी कमी लेखत नाही. वेग कमी झाला की माणसाला विचार करायला क्षणभर मिळतो. पण हे सगळे उपाय चित्रफितीवरचे आहेत, झोळीच्या भीतीवर त्यांत काहीच नाही. पानभर जाहिराती वाचणारा माणूस आणि राईनपाड्याच्या बाजारात भाजी विकणारी बाई यांच्यातही मोठं अंतर आहे.

१७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबद्दल सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा, खटले जलदगतीने, शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावेत, भरपाईची योजना करावी. झुंडीने मारल्यास कायदा काय करतो हे रेडिओ-टीव्हीवरून लोकांना सांगावं, असंही त्यात होतं. शेवटचा निर्देश मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचीच आठवण सगळ्यात कमी काढली जाते.

आमच्या पातळीवर आम्ही काय केलं तेही सांगतो. त्या वर्षी दिवाळीनंतर एका आश्रमशाळेत नववीच्या वर्गात मी दोन्ही चित्रफिती घेऊन गेलो. आधी कापलेली दाखवली. वर्ग गप्प. एका मुलाने मुठी वळल्या होत्या. ‘हे आपल्याकडे घडलं तर काय कराल?’ विचारल्यावर तीन-चार हात वर आले आणि उत्तरं काय आली ती इथे लिहवत नाहीत. मग पूर्ण चित्रफीत लावली. मोटारसायकल परत आली, पोर उतरलं, पाटी उघडली. मुठी वळलेल्या त्या मुलाने हात बाकाखाली नेले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, ‘सर, ती पाटी कोणी कापली?’

माहीत नाही, एवढंच मी म्हणू शकलो. तिने पुढे विचारलं, ‘मग आता एखादी चित्रफीत आली तर तिचीपण पाटी कापलेली असेल का?’ तासभर समजावून मला जे सांगता आलं नसतं ते तिने एका प्रश्नात सांगितलं. तेव्हापासून आमच्या बैठकांत ‘खोटी बातमी’ हा शब्द मी वापरत नाही. ‘पाटी कुठे आहे?’ असं विचारतो. आशाताईंना तो प्रश्न लगेच कळतो. एका ताईने सांगितलं, आता पाड्यावर काही आलं की बायाच विचारतात: पाटी दाखव आधी.

पुढे काय झालं

१६ एप्रिल २०२०. टाळेबंदीतली रात्र. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावाने मारलं. त्याआधी काही दिवस त्या भागात चोरांच्या, मुलं पळवणाऱ्यांच्या आणि अवयव काढणाऱ्यांच्या अफवा होत्या. पोलीस तिथे हजर होते, तरी ती माणसं वाचली नाहीत. पुन्हा भगवी वस्त्रं, पुन्हा परकी माणसं, पुन्हा आदिवासी भाग.

या वेळी एक नवं पान जोडलं गेलं. हत्येचं चित्रीकरण बाहेर आल्यावर त्यालाच धर्माचा रंग देणारा मजकूर देशभर फिरू लागला. इतका, की राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नसल्याचं सांगावं लागलं. आधी अफवेने माणसं मारली, मग त्या मरणाची अफवा झाली. माहितीच्या युद्धात प्रेतालाही सुट्टी नसते हे त्या आठवड्यात मी पाहिलं, आणि तीन घरं दुःखात असताना बाकीचे त्यांच्या दुःखाचा दारूगोळा करत होते याची चीड आजही गेलेली नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला आणि त्यांनाही मार खावा लागला. या वेळी जीव वाचले. फॉरवर्डची मर्यादा लागू होऊन तोवर चार वर्षं झाली होती.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तारखेचा योगायोग आमच्या जिल्ह्याला टोचणारा आहे. तिच्या कलम १०३ मध्ये पाच किंवा अधिक जणांच्या गटाने वंश, जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला वेगळी तरतूद आहे, शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. ‘मूल चोरणारा वाटला’ हे कारण त्यात थेट लिहिलेलं नाही. पण माझ्या मते राईनपाड्यासारख्या प्रकरणात संशय कुणावर गेला आणि का गेला, हे विचारलं की आपण समुदायापाशीच येऊन पोचतो. न्यायालयं हे कसं वाचतात ते बघायला हवं.

काय वेगळं करता आलं असतं

एसटीच्या वाहकापासून सुरुवात करतो. पाच माणसं गाडीतून उतरली. ती कुठून बसली, कशी बोलली, तिकीट कसं काढलं, हे त्याने पाहिलं होतं. बाजाराच्या दिवशी अशा माणसांबरोबर दोन मिनिटं खाली उतरून ओळखीच्या दुकानदाराला ‘हे पिंपळनेरहून आलेत, भिक्षुकीवाले’ एवढं सांगितलं असतं तर? त्याचा दोष नाही, कुणी त्याला तसं सांगितलंच नव्हतं. पण परक्याची ओळख करून देणारा गावातला एक माणूस हवा, ही जुनी रीत होती. पूर्वी भिक्षुकीला येणारे आधी पाटलाच्या वाड्यावर जात. ती रीत नव्या रूपात परत आणता येते. पाल पडलं की पोलीस पाटलाने बाजार भरणाऱ्या गावांच्या सरपंचांना फोन करायचा, आणि बाजाराच्या दिवशी भोंग्यावरून गावातल्याच कुणीतरी, गावच्याच बोलीत, ‘आज डवरी आलेत, त्यांच्या झोळीत पीठ घाला’ असं सांगायचं. टोळी, मुलं, चोरी हे शब्द त्यात नकोतच.

खुलासा आधी पोचायला हवा होता. पूर्ण चित्रफीत जूनमध्येच उपलब्ध होती. ती दाखवायला मी दिवाळी उलटू दिली. हा माझा उशीर आहे आणि तो मला खुपतो. माणसाच्या मनात भीती एकदा घर करून बसली की पुराव्याने ती उठत नाही. आधीच ‘अशी चित्रफीत येईल, तिची पाटी कापलेली असेल’ हे ठाऊक असलं तर ती दारातच अडकते.

चित्रीकरण करणाऱ्यांचाही विचार करायला हवा. फोन हातात होता. त्यातल्या एकाने तरी तो वर न धरता कानाला लावला असता, पोलिसांना, सरपंचाला, कुणालाही. बैठकांत आम्ही आता हे करून बघतो. पाच जण मधे, बाकी गोल, आणि प्रत्येकाला विचारतो: तू कोणाला फोन लावशील? नंबर तोंडपाठ आहे का? आता ११२ हा एकच नंबर आहे, तरी निम्म्यांना तो आठवत नाही. बीटच्या हवालदाराचा नंबर तर जवळपास कुणाकडेच नसतो.

आणि दार. मालेगावच्या त्या माणसासारखी घरं प्रत्येक बाजाराच्या गावात आधीच ठरवून ठेवता येतील का? दुकान, दवाखाना, शाळा, जिथे मागच्या बाजूने गाडी लावता येते आणि ज्याच्या मालकाला गाव मानतं. ग्रामपंचायतीचं कार्यालय यासाठी योग्य नाही, कारण ते सगळ्यांचं असतं. सगळ्यांच्या जागेत घुसताना कुणालाच संकोच वाटत नाही. साक्री आणि नवापूरकडच्या दोन बैठकांत मी हे मांडलं तेव्हा एका किराणा दुकानदाराने हात वर केला. म्हणाला, ‘माझं दुकान धरा. पण मला कुणीतरी आधी सांगून ठेवा की पोलीस किती वेळात येतील. तेवढाच वेळ मी दार धरेन.’ त्या बैठकीला ठाण्यातून कुणी आलेलं नव्हतं, त्यामुळे उत्तर मिळालं नाही. पुढच्या बैठकीला ठाण्यातलं माणूस असल्याशिवाय ती घ्यायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

गेल्या श्रावणात आमच्या दारात एक डवरी आला. वय साठीच्या पुढे, डवराचा आवाज कोपऱ्यावरूनच येत होता. माझी पुतणी अंगणात चिखलात खेळत होती. तो फाटकाबाहेरच थांबला, डवर बंद केलं आणि घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, ‘माय, घरात मोठं कोण हाय? जरा बाहेर या.’ आई बाहेर आली तेव्हा त्याने आधी झोळीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड काढून पुढे धरलं. आई म्हणाली, ‘अरे ठेव ते, पीठ आणते.’ पुतणी धावत फाटकाकडे निघाली तसा तो दोन पावलं मागे सरकला, आणि ती परत आईच्या पदराशी येईपर्यंत त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.